सब, ॲम्प आणि पुन्हा पुन्हा पेटणारा लाल दिवा

आपल्या प्रश्नातील तपशील आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचे विवेचन इतरांनाही नीट लागेल. आपली पेट्रोलवर चालणारी छोटी सेदान रोज कासारवडवलीहून महाप्याला ये-जा करते. मूळ स्टीरिओ तसाच ठेवून आपण चार चॅनलचा ॲम्प्लिफायर (आवाजाचा जोर वाढवणारा ॲम्प) बसवून घेतला आहे. त्याचे पुढचे दोन चॅनल दारांतील स्पीकरना गेले आहेत आणि मागचे दोन ‘ब्रिज’ करून, म्हणजे दोन्ही मिळून एक करून, डिकीतील १२ इंची सबवूफरला (फक्त खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरला, म्हणजे सबला) दिले आहेत. सबला दोन व्हॉइस कॉइल (कोन हलवणारी तारेची वेटोळी) असून प्रत्येक ४ ओहमची आहे, आणि बसवणाऱ्याने त्या समांतर जोडल्या आहेत. ॲम्पच्या खोक्यावर ३००० वॅट छापलेले आहे, तर ॲम्पवर ३० अँपिअरचे दोन फ्यूज आहेत. बॅटरीपासूनची तार बाजारात तयार मिळणाऱ्या ८ गेजच्या किटमधली आहे (गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड). तक्रारी तीन आहेत: माजिवडा ते विटावा या रांगेत दहा-पंधरा मिनिटांत ॲम्पवरचा लाल दिवा लागून आवाज बंद पडतो, बासच्या ठोक्यागणिक हेडलाइट मंदावतात, आणि ॲक्सिलरेटर दाबला की दारांच्या स्पीकरमधून शिटी ऐकू येते. यावर उपाय म्हणून कॅपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारा डबा) बसवावा की दुसरा सब घ्यावा, असे आपण विचारले आहे. शिवाय पुढच्या वर्षी गाडीला सीएनजी किट लावण्याचा आपला विचार आहे.

आपण घेऊ म्हणता त्यांपैकी कोणतीही वस्तू आपला त्रास दूर करणार नाही. ठाण्यात वीसहून अधिक वर्षे हे काम करताना माझ्याकडे ‘बास येत नाही’ म्हणून आलेल्या गाड्यांपैकी बहुतेकींमध्ये सब आणि ॲम्प ठणठणीत होते. बिघाड होता तो त्यांच्या दरम्यानच्या जोडणीत, अर्थमध्ये (ॲम्पची ऋण तार गाडीच्या पत्र्याला जोडतात तिथे), सबच्या पेटीत किंवा ॲम्पवरच्या गेनच्या खुंटीत.

सर्वप्रथम त्या ३००० वॅटचा निकाल लावू. ॲम्प बॅटरीतून जेवढी वीज घेतो त्याहून अधिक तो बाहेर देऊ शकत नाही, आणि किती घेऊ शकतो हे त्याच्या फ्यूजवर लिहिलेले असते. ३० अधिक ३० म्हणजे ६० अँपिअर; इंजिन चालू असताना मिळणाऱ्या १३.८ व्होल्टने गुणले तर ८२८ वॅट होतात. आपला ॲम्प वजनाला जड, ‘क्लास एबी’ जातीचा दिसतो, आणि या जातीत साधारण चाळीस टक्के वीज उष्णतेत जाते. म्हणजे चारही चॅनलची मिळून खरी, सतत टिकणारी शक्ती जेमतेम ५०० वॅट. हा आकडा वाईट मुळीच नाही. सेदानच्या बंद केबिनला तो भरपूर होतो. खोटा आहे तो फक्त खोक्यावरचा आकडा. पुढे कधी ॲम्प घ्याल तेव्हा आरएमएस (सतत टिकणारी) शक्ती ‘सीटीए-२००६’ (पूर्वीचे नाव ‘सीईए-२००६’) या मानकानुसार दिलेली आहे का ते पाहावे, त्यात १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि एक टक्क्यापेक्षा कमी विकृती या अटींवरच मोजमाप करावे लागते.

आता लाल दिवा. ४ ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या की २ ओहम होतात. ब्रिज केलेल्या ॲम्पमध्ये दोन्ही चॅनल मिळून तो भार ओढतात, त्यामुळे प्रत्येक चॅनलला त्याच्या निम्मा, म्हणजे १ ओहमचा भार दिसतो. चार चॅनलचे बहुतेक ॲम्प ब्रिजमध्ये ४ ओहमच्या खाली चालवण्यासाठी बनवलेलेच नसतात, आणि आपल्या ॲम्पच्या तळाशी ते बारीक अक्षरांत छापलेलेही असेल. रिकाम्या पाम बीच रोडवर तो काही काळ तग धरेल. पण जुलैच्या पावसात, एसी, वायपर आणि हेडलाइट चालू असताना, कळव्याच्या खाडीपुलाआधीच्या रांगेत ताटकळताना व्होल्टेज उतरते, ॲम्प तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो. लाल दिवा हा बिघाड नसून ॲम्पने वेळीच टाकलेला ब्रेक आहे.

यावर पैसे न खर्चता करता येण्याजोगा उपाय असा, की त्याच दोन कॉइल मालिकेत जोडाव्यात. पहिल्या कॉइलचे ऋण टोक दुसरीच्या धन टोकाला जोडले की एकूण ८ ओहम होतात. ‘मग आवाज निम्म्यावर येईल’ असे बसवणारा लगेच म्हणेल; पण ब्रिजमध्ये ८ ओहम म्हणजे प्रत्येक चॅनलला ४ ओहम, अर्थात ज्या भारावर तो ॲम्प दिवसभर सुखाने चालू शकतो तोच भार. चॅनलमागे १०० वॅट धरले तर सबला स्वच्छ २०० वॅट मिळतात. आज जे मिळते आहे ते कागदावर अधिक आहे, पण ते विस्कटलेले आहे आणि पंधरा मिनिटांत शून्यावर येते. जोडणी बदलल्यावर मीटरने सबच्या टोकांवर ओहम मोजावेत. ४ ओहमची कॉइल मीटरवर साडेतीनच्या आसपास दिसते, म्हणून मालिकेत सुमारे ७ दिसले पाहिजेत. पावणेदोनच्या जवळ आकडा आला तर जोडणी अजून समांतरच आहे. भविष्यात खरोखर अधिक जोर हवा असेल, तर सबसाठी २ ओहमला स्थिर राहणारा वेगळा, कमी तापणाऱ्या ‘क्लास डी’ जातीचा मोनो (एकाच चॅनलचा) ॲम्प घ्यावा आणि सध्याच्या ॲम्पवर केवळ दारांचे स्पीकर ठेवावेत.

हेडलाइट मंदावण्याचे कारण शोधताना मीटरशिवाय बोलू नये, असा माझा नियम आहे. हॅलोजन दिव्याचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार वेगाने घटतो. १४ व्होल्टचे १३ झाले तरी उजेड जवळपास पाचव्या भागाने कमी होतो. म्हणून दिवे लुकलुकतात म्हणजे बॅटरी गेली असे लगेच समजू नये. इंजिन निवांत चालू ठेवून, गाणे नेहमीच्या आवाजात लावून, आधी बॅटरीच्या दोन टोकांवर आणि मग ॲम्पच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजावे. बॅटरीवरच आकडा १२.५ च्या खाली जात असेल तर प्रश्न अल्टरनेटरकडे (इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राकडे) किंवा बॅटरीकडे आहे. बॅटरीवर १३.८ आणि ॲम्पवर १२ असेल, तर हरवलेले १.८ व्होल्ट तारेत किंवा अर्थमध्ये आहेत. त्यांतले अर्थमध्ये किती, हे काढण्यासाठी मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबाला आणि दुसरे ॲम्पच्या अर्थ टर्मिनलला लावावे. बास वाजत असताना तिथे ०.२ व्होल्टहून अधिक दिसता कामा नये.

याच तपासणीत एकदा माझ्या मीटरवर १.३ व्होल्ट दिसले होते. गाडी वाशीहून आली होती, आणि मालकाने एका दुकानाच्या सांगण्यावरून आधी बॅटरी, मग कॅपॅसिटर, मग पुन्हा मोठी बॅटरी असा खर्च करून झाला होता. मागच्या सीटखालचा गालिचा उचलल्यावर दिसले, की अर्थची तार एका पातळ पत्र्याच्या पट्टीवर, कारखान्याच्या रंगावरच, पत्र्याच्या स्क्रूने आवळलेली होती. स्क्रूच्या धारेने रंग जिथे खरवडला गेला होता तेवढाच काय तो धातूचा स्पर्श. शेजारच्या जाड पत्र्यावरचा रुपयाएवढा रंग काचपेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, ८ मिलिमीटरचा बोल्ट, दातेरी वॉशर आणि नीट दाबलेले लग (तारेच्या टोकाचे धातूचे कडे) वापरून तार आवळली, वरून गंजरोधक रंग मारला. आकडा ०.१ वर आला आणि मालक बराच वेळ त्या मीटरकडेच पाहत राहिले.

आपणही अर्थ असाच करावा. तार पॉवरच्या तारेइतकीच जाड असावी आणि दीड फुटाहून लांब नसावी. सीटबेल्टचा बोल्ट हाताशी असतो म्हणून तो वापरण्याचा मोह होतो. तो सुरक्षिततेचा बोल्ट आहे, त्याला हात लावू नये. अर्थची तार थेट बॅटरीच्या ऋण खांबावर नेण्याचाही काही जण आग्रह धरतात, परंतु अलीकडच्या अनेक गाड्यांत त्या खांबावर प्रवाह मोजणारा सेन्सर असतो आणि त्याला बगल दिली की गाडीचा संगणक चार्जिंगचा हिशेब चुकवतो. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी मूळ अर्थपट्टीही एकदा पाहून घ्यावी. खाडीकाठच्या खारट दमट हवेत तिचे लग हिरवट पडून आतून कुजलेले मी कितीदा पाहिले आहेत.

तारेविषयी थोडे कडक बोलतो, कारण बाजारातील किट ही या धंद्यातील सर्वांत मोठी फसवणूक आहे. जाड पारदर्शक आवरणाखाली पेन्सिलीएवढी दिसणारी तार आत जेमतेम निम्मी असते, आणि तीही बहुधा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची. ओळखण्याची रीत सोपी आहे: एक बारीक धागा घेऊन ब्लेडने खरवडावा. आतून चंदेरी निघाला तर ॲल्युमिनियम. बाहेरून चंदेरी आणि आतून तांबूस निघाला तर कथिलाचा मुलामा दिलेले खरे तांबे, आणि आपल्या हवेत तेच सर्वांत उत्तम. डिकीपर्यंत पाच मीटर तार लागते असे धरले, तर ५० अँपिअर वाहताना खऱ्या तांब्याच्या ४ गेज तारेत, म्हणजे सुमारे २१ चौरस मिलिमीटरच्या तारेत, ०.२ व्होल्ट पडतात. ८ गेजच्या ॲल्युमिनियमच्या तारेत तोच आकडा ०.८ च्या घरात जातो, आणि तोही तार खरोखर ८ गेजची असेल तर. आपली तार बदलावी. या साऱ्या दुरुस्तीत मन मोठे करून खर्च करण्याजोगी हीच एक जागा आहे.

नव्या तारेवर बॅटरीपासून दीड फुटाच्या आत ७० किंवा ८० अँपिअरचा फ्यूज हवा. तो ॲम्पसाठी नसतो, तारेसाठी असतो: अपघातात किंवा घर्षणाने तार बॉडीला टेकली तर बॅटरी तिच्यातून शेकडो अँपिअर ढकलते, आणि गाडी पेटायला तेवढे पुरते. म्हणूनच इंजिनाकडून केबिनमध्ये येताना तार कधीही उघड्या पत्र्याच्या भोकातून घेऊ नये. कारखान्याचे रबरी ग्रोमेट असते त्यातूनच न्यावी आणि बोनेटखाली तिच्यावर खाचेची नळी चढवावी. नवी मुंबईतील पार्किंगमध्ये पावसाळ्यात उंदीर बोनेटखाली मुक्काम ठोकतात, त्यांच्या दातांपासूनही ही नळी बऱ्यापैकी वाचवते.

कॅपॅसिटरचा हिशेबही एकदा करून टाकू. एक फॅरडचा कॅपॅसिटर १४ व्होल्टवरून १२ व्होल्टवर उतरताना २६ ज्यूल ऊर्जा देतो. ॲम्प ६०० वॅट ओढत असेल तर ही शिदोरी सेकंदाच्या चार-पाच शतांशांत संपते, आणि मग तो रिकामा कॅपॅसिटर पुन्हा त्याच बिचाऱ्या अल्टरनेटरकडे हात पसरतो. त्यावरच्या निळ्या आकड्यांची शोभा तेवढी राहते.

शिटीबद्दल एक खूण सांगतो. अल्टरनेटरची शिटी उंच पट्टीची असते. ८० हर्ट्झचा लो-पास फिल्टर (त्यावरचे सूर अडवणारा) लावलेल्या सबमधून ती ऐकूच येऊ शकत नाही, म्हणून ती दारांतून येते हे आपले निरीक्षण अचूक आहे. ॲम्पकडील आरसीए तारा (स्टीरिओकडून संकेत आणणाऱ्या) उपटून पाहाव्यात. तरीही शिटी राहिली तर दोष ॲम्पच्या अर्थमध्ये आहे, आणि वर सांगितलेल्या दुरुस्तीने ती जाईल. तारा उपटताच ती थांबली, तर ती स्टीरिओच्या बाजूने येते आहे. आपल्याकडे मूळ स्टीरिओ असल्याने मध्ये हाय-लो कन्व्हर्टर (स्पीकरच्या तारेतला संकेत ॲम्पला साजेसा करणारी डबी) असणारच. त्याचा अर्थ कुठे जोडला आहे ते पाहावे, आणि आरसीए तारा पॉवरच्या तारेला खेटून एकाच बाजूच्या उंबऱ्याखालून नेल्या असतील तर त्या दुसऱ्या बाजूने न्याव्यात. माझा पहिला संशय मात्र गेनवर आहे. कन्व्हर्टरमधून येणारा संकेत दुबळा, आणि तो भरून काढण्यासाठी खुंटी पूर्ण उघडलेली, अशी स्थिती असली की गाण्याबरोबर आवाजातला सगळा कचराही मोठा होतो.

गेन म्हणजे आवाजाची खुंटी नव्हे. स्टीरिओ किती व्होल्ट देतो आणि ॲम्पला पूर्ण शक्तीसाठी किती लागतात, याचा मेळ घालण्यासाठी ती असते. सबची तार काढून ठेवावी, स्टीरिओचे बास-ट्रेबल शून्यावर आणि ॲम्पचा बास बूस्ट बंद करावा, ५० हर्ट्झचा सलग सूर लावावा आणि आवाज तीन चतुर्थांशावर न्यावा. मग ॲम्पच्या ब्रिज टोकांवर एसी व्होल्ट मोजत खुंटी हळूहळू उघडावी. किती व्होल्टला थांबायचे, ते वॅट आणि ओहम यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळावरून निघते: २०० वॅट आणि ८ ओहमचा गुणाकार १६००, त्याचे वर्गमूळ ४०. दारांच्या चॅनलना १००० हर्ट्झचा सूर द्यावा आणि ५० वॅट, ४ ओहमसाठी १४ व्होल्टवर थांबावे. ही मापे भाराशिवायची असल्याने मी नेहमी दोन-तीन व्होल्ट अलीकडेच थांबतो. मूळ स्टीरिओबाबत आणखी एक गोम आहे: दारांतले लहान स्पीकर फाटू नयेत म्हणून अनेक स्टीरिओ आवाज वाढवताच बास आपोआप कापतात. सूर चालू असताना आवाजाची खुंटी वाढवूनही व्होल्ट वाढेनासे झाले, तर त्या जागेच्या एक-दोन पायऱ्या खाली येऊन तिथेच सारे जुळवावे.

मग सबला लो-पास ८० हर्ट्झ आणि दारांना हाय-पास (त्याखालचे सूर अडवणारा) ८० हर्ट्झ ठेवून सुरुवात करावी. फेजची (सबच्या कोनाची हालचाल उलट करणारी) कळ ० आणि १८० अशी आलटून-पालटून चालकाच्या जागेवर बसून ऐकावे. ज्या बाजूला ठोका भरीव आणि समोरून आल्यासारखा वाटतो ती बाजू खरी. ढोल-ताशापेक्षा या कामाला मी तबल्याचे चांगले ध्वनिमुद्रण वापरतो. मनगटाच्या दाबाने डग्ग्याचा घुमारा वर सरकतो तो अखंड ऐकू आला पाहिजे. मध्येच एखादा स्वर फुगला किंवा गायब झाला, तर फिल्टर किंवा पेटी चुकली आहे.

पेटीचे सांगायचे तर, गणपतीच्या मिरवणुकीतील ‘डॉल्बी’सारखा दणका मागणाऱ्यांना दुकानदार पोर्ट (हवा खेळण्याचे नळीसारखे तोंड) असलेली मोठी पेटी देतात. पोर्टच्या ठरलेल्या कंप्रतेखाली सबच्या कोनावर हवेचा लगाम राहत नाही, म्हणून अशा पेटीला २५ ते ३० हर्ट्झचा सबसॉनिक फिल्टर (त्याहून खालचे सूर अडवणारा) अनिवार्य आहे. आपल्या वापराला मी ३० ते ३५ लिटरची बंद पेटी सुचवेन. बंद केबिन खालच्या सुरांना आपणहून उचलते, त्यामुळे तिची उणीव गाडीत फारशी जाणवत नाही. १८ मिलिमीटरचे एमडीएफ ध्वनीला उत्तम, पण आपल्या पावसाळ्यात ओल्या छत्र्यांच्या पाण्याने तळ फुगतो. मरीन प्लाय महाग पडला तरी घ्यावा, आणि आतले सांधे सिलिकॉनने भरावेत. सेदानमध्ये डिकी आणि केबिन यांच्यामध्ये सीट आणि पत्रा येतो, तेव्हा सबचे तोंड मागे करून आणि पुढे करून दोन्ही प्रकारे ऐकूनच पेटी पक्की करावी. ॲम्प पेटीवर बसवू नये. सततच्या थरथरीने त्याच्या आतले सोल्डरचे डाग निखळतात.

दुसऱ्या सबचा विचार सोडून द्यावा. शक्ती दुप्पट केली तरी वाढ ३ डेसिबलची होते, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे १० लागतात.

सीएनजीचा बेत पक्का असेल तर मात्र मोठी पेटी आत्ता बनवूच नये. टाकी डिकीचा बराचसा भाग घेते आणि दर तीन वर्षांनी तपासणीसाठी ती बाहेर काढावी लागते, तेव्हा पेटीही दोन बोल्टमध्ये सुटणारी हवी. उरलेल्या जागेत १० इंची सबची सपाट बंद पेटी किंवा पुढच्या सीटखाली मावणारा, आतच ॲम्प असलेला ८ इंची सब, एवढेच पर्याय मी ठेवीन. टाकीच्या चौकटीचा बोल्ट अर्थसाठी वापरू नये, पॉवरची तार गॅसच्या नळीच्या विरुद्ध बाजूने न्यावी, आणि खाली काय आहे ते गाडी उचलून पाहिल्याशिवाय तळाच्या पत्र्यात ड्रिल घालू नये. मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकीही असते. म्हणून ॲम्प आणि त्याचा अर्थ आत्ताच पुढच्या सीटखाली नेऊन ठेवला, तर पुढच्या वर्षी पॉवरची तार पुन्हा उपसावी लागणार नाही.

तूर्तास कॉइल मालिकेत जोडून घ्याव्यात, आणि मग निवांत इंजिनवर बॅटरीचे व्होल्ट, ॲम्पचे व्होल्ट व अर्थमधील फरक हे तीन आकडे एसी आणि हेडलाइट चालू ठेवून घ्यावेत. ते कळवलेत, तर नेमकी कोणती तार आधी बदलायची ते सांगता येईल.